वीड आउट

आमच्या हर्षलला मराठी बोलायची लाज वाटते की भीती, हे मला परवापर्यंत कळलं नव्हतं. माझाच धाकटा. पुण्याला दोन वर्षं काय शिकून आला, जेवताना मीठ मागायचं तरी इंग्रजीत मागतो.

शनिवारी द्राक्षांच्या शेडमध्ये सगळ्या बायकांना उभं करून म्हणाला, "या सीझनला पॅकिंगमध्ये थोडं वीड आउट करायचंय." आणि सहा नावांचा कागद दाराला चिकटवून निघून गेला. सगळ्यात वर नवसाबाईचं नाव. बावीस वर्षं झाली तिला आमच्या टेबलावर घड डब्यात भरताना.

बायकांना काय कळणार? त्यांनी माझ्या नातीला, सायलीला विचारलं. तिनं मोबाइलात बघून सांगितलं, वीड म्हणजे तण. झालं! निंदायला बोलावलंय असं सहाही जणी समजल्या. सोमवारी खुरपी घेऊन आल्या आणि आठ वाजता बागेत ओळीला लागल्या.

दुपारी नवसाबाई ओट्यावर पाणी प्यायला आली. कोपरापर्यंत माती. "ताई, तण होत आलंय. उद्या टेबलावर यायचं ना? का अजून बाग हाय निंदायची?"

टेबलावरची बाई तणात कशाला? मी तशीच उठले आणि हर्षलच्या केबिनमध्ये गेले.

"आई, तू पण ना!" तो हसला. मला हसला! "वीड आउट म्हणजे नको ते निवडून काढून टाकायचं. त्या सहा जणींना कामावरून काढलंय. हात चालत नाही त्यांचा."

"मग काढलं असं का नाही सांगितलंस?"

"तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटतं. इंग्लिशमध्ये जरा सॉफ्ट जातं."

"आणि सकाळपासून उन्हात वाकल्यात त्या? दिसल्या नाहीत तुला?"

मोबाइलकडे बघत म्हणाला, "दिसल्या. थांबवणारच होतो. पण तणही खूप झालं होतं. म्हटलं, होऊ दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पस्तिशीचा घोडा, पण दंडाला धरून उठवला. शेडमधून जाताना बघितलं, नव्या पोरी घड मुठीत धरत होत्या. मण्यांवरची ताजेपणाची पांढरी झाक सगळी पुसलेली. नवसाबाई घड देठाला धरते आणि सडका मणी कात्रीनं असा काढते की शेजारच्या मण्याला धक्का लागत नाही. काढणं त्याला म्हणतात. आणि हिचा हात चालत नाही म्हणे!

बागेत सहा जणींसमोर त्याला उभा केला. "सांग. मराठीत सांग यांना."

"मावशी... म्हणजे आपण जरा टीम रिस्ट्रक्चर..."

"आता हे कुठलं गवत रे बाबा?" नवसाबाई म्हणाली. बाकीच्या खिदळल्या.

हा काही हसला नाही. तिनं त्याचं तोंड नीट बघितलं आणि खुरपं खाली ठेवलं.

"काढलं व्हय आम्हाला? मग कागदावर तसं लिहायचं ना. मला वाचता येतं."

हर्षल बुटानं ढेकूळ फोडत राहिला. त्याला वाटलं असेल, आई आता घरी नेऊन झापेल. मी तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"हर्षल, शेड माझ्या नावावर हाय, म्हणून शेवटचा शब्द माझा. या सहाही जणी उद्या टेबलावर बसतील. आणि आजपासून माणसं ठेवायचं नि काढायचं काम तुझ्याकडं नाय. 'तुला काढलं' एवढे दोन शब्द माणसाच्या डोळ्यांत बघून बोलवत नाहीत, आणि वर त्याच माणसाकडून अर्धा दिवस फुकट निंदून घेतोस! हळू हाताची बाई मी ठेवीन. असला भित्रा नि लबाड मालक मला माझ्या शेडमध्ये नको. कळलं का? नसंल कळलं तर परत सांगते."