ही व्यक्ती कोण आहे?

“मराठी गेली,” चंदा म्हणाली.

वनमजूर सुकलू चहाचे कप घेऊन दारातच थबकला. “कुठी गेली?”

“आत्तापर्यंत होती. मी संगणकातली ही एक सेवा बंद केली, तं सारं इंग्रजीच उमटून राह्यलं.”

“मंग चालू करा ना तिले, मॅडम. मराठीशिवाय कसं होईन आपलं?”

चंदाने ती सेवा पुन्हा चालू केली. मराठी मुकाट्याने परत आली. चंदाने शेजारच्या वहीत लिहिलं, ‘सात नंबर – मराठी. हात लावू नये.’ त्याच्या वर लिहिलेलं होतं, ‘पाच नंबर – आवाज. बंद. कोणाचंच अडत नाही.’ आणि त्याच्याही वर, ‘चार नंबर – प्रिंटर. बंद झाला. आठवणीने चालू करणे.’

कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या या वनपरिक्षेत्र कार्यालयात चंदा रामटेके अकरा वर्षं कंत्राटी संगणक ऑपरेटर होती. दर अकरा महिन्यांनी तिचा आदेश संपायचा आणि साहेबांनी शिफारस केली की नवा निघायचा. या काळात चार साहेब बदलले, दोन छपरं बदलली, टेबल मात्र तेच राहिलं. गेल्या आठवड्यात जुन्या संगणकाने व्हायरसपुढे मान टाकली. गडचिरोलीहून विक्की नावाचा मेकॅनिक मोटारसायकलवर आला, सगळी सिस्टीम नवी कोरी टाकली, जुने फोटो जसेच्या तसे आत भरले आणि समोर येईल त्या प्रश्नाला ‘होय, होय’ करत चहा निवायच्या आत निघून गेला.

एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने ऑटोभर गणगोत घेऊन उतरावं, तसं या नव्या सिस्टीमचं झालं होतं. कोणी न सांगता हवामान सांगत होतं, कोणी बातम्या आणत होतं, कोणी पत्त्यांचा डाव मांडून बसलं होतं. पडद्यावर काही दिसत नव्हतं; सगळे मागच्या मागे चालू. आणि नेमकं आजच संध्याकाळी पाचपर्यंत जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले वाघांचे फोटो वरच्या कार्यालयाला पोहोचायला हवे होते. अकराला पाठवायला घेतले, दीड वाजता तीन टक्के झाले होते.

तिने विक्कीला फोन लावला.

“बंद करून चालू करा, मॅडम.”

“केलं.”

“मंग पुन्हा करा.”

म्हणून चंदा स्वतःच मैदानात उतरली होती. यादी उघडायची, एक सेवा बंद करायची, काय बिघडतं ते पाहायचं, वहीत लिहायचं.

भिंतीलगतच्या बाकावर कलाबाई सकाळपासून हे पाहत होती. पहिल्या बसने ती आतल्या गावाहून आली होती. तिचा नवरा चैतू मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. वनहक्काच्या जमिनीवर आता तिचं नाव लागायचं होतं, त्या कागदावर साहेबांची सही हवी होती. साहेब दौऱ्यावर होते.

“बाई,” तिने शेवटी विचारलंच, “केव्हाच्या तुमी का निवडून राह्यल्या?”

“खडे निवडून राह्यली, कलाबाई. पण एखादा खडा काढला का भातच नाई शिजत.”

“मंग असू द्या ना. दोन खड्यानं कोनी मरत नाई.”

अडीच वाजता खरा खडा सापडला. नेटवर्कचा जवळजवळ सगळा घास एकच सेवा गिळत होती. नावात ‘फोटो’ हा शब्द होता. चंदाने तिच्यावर टिचकी मारली आणि पडदा भरून अक्षरं आली: ‘मागच्या वर्षी याच दिवशी! तुमच्या सुंदर आठवणी.’

खाली अस्वल पाठ खाजवत होतं.

चंदाने कपाळाला हात लावला. विक्कीच्या ‘होय, होय’मध्ये हेही होतं. तीन वर्षांचे एकतीस हजार फोटो, वाघ, रानडुकरं, रिकाम्या पायवाटा, सगळे ही सेवा एकेक करून इंटरनेटवर चढवत होती.

“म्हंजे आपल्या वाघाचा पत्ता दुनियेले गेला?” सुकलू म्हणाला.

“हळू बोल.”

पण सेवेने आणखी एक उद्योग केला होता. फोटोंतले चेहरे ओळखून त्यांचे गठ्ठे बांधले होते आणि प्रत्येकाखाली नम्रपणे विचारलं होतं, ‘ही व्यक्ती कोण आहे?’ पहिल्या गठ्ठ्यात साहेब होते. एकूण बावीस फोटो. पाणवठ्याजवळच्या कॅमेऱ्याची तपासणी करताना त्यांना त्याच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं असावं, कारण बाविसांपैकी एकोणीस फोटोंत ते भांग पाडत होते. उरलेल्या तिनांत दात पाहत होते.

दुसरा गठ्ठा सुकलूचा. गस्तीच्या वेळी काळी घोंगडी पांघरून मोहाच्या बुंध्याशी तो गाढ झोपला होता. शेजारी एक अस्वलाचा फोटो लावून सेवेने विचारलं होतं, ‘हे दोघे एकच आहेत का?’

सुकलू बराच वेळ दोन्ही फोटो न्याहाळत राहिला.

“उजवीकडचा मी नोहो,” तो म्हणाला.

चंदाला हसू आवरेना. त्याच वेळी मागून बुटांचा आवाज आला. साहेब परतले होते. त्यांनी पडदा पाहिला, स्वतःला पाहिलं. त्यांचा हात नकळत केसांकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

“हे वर कोणी पाहिलं?”

“नाही सर. पण जाऊन राह्यलं होतं.”

“बंद करा! आधी बंद करा. आणि माणसांचे झाडून सगळे फोटो पुसा. वाघासाठी कॅमेरे लावलेत आपण. तसा नियमच आहे.” मग जरा हळू आवाजात, “सुरुवात माझ्यापासून करा.”

चंदाने सेवा बंद केली, इंटरनेटवर गेलेलं सगळं तिथून काढून टाकलं, ती पुन्हा आपोआप सुरू होणार नाही अशी खूण केली. वाट मोकळी झाली आणि वाघ पळत सुटले. दहा टक्के, पंचवीस, चाळीस. सुकलूने टाळी वाजवली. साहेबांनी कलाबाईचा कागद मागून घेतला, उभ्याउभ्याच वाचला आणि सही करून आत निघून गेले.

चंदाने माणसांचे फोटो निवडले. चार हजारांवर होते. पुसण्याच्या बटणावर बोट नेलं.

“थांबा, बाई.”

कलाबाई सहीचा कागद हातात धरून खुर्चीमागे उभी होती.

“हे तं आमच्या घरचे होत.”

बोटाएवढ्या चौकोनांच्या रांगेत तिने एकावर नख टेकवलं. चंदाने तो मोठा केला. पहाटेचा करडा उजेड, मोहाचं झाड, डोक्याला पंचा, काखेत टोपली. चैतू मान किंचित मागे वळवून तोंडभर हसत होता. खाली कॅमेऱ्याने छापलं होतं: पाच अठ्ठेचाळीस, एकवीस अंश.

“घरी आधारकार्डाचा फोटो हाये,” कलाबाई म्हणाली. “त्याच्यात चोरावानी दिसतेत. एवढे कवाच हासत नव्हते. फोटोत तं मुळीच नाई.”

“त्याले कॅमेरा दिसला नसन,” सुकलू म्हणाला.

“मंग कोनाले हासून राह्यले?”

चंदाने पुढचा फोटो उघडला. तोच उजेड, तेच झाड, चार सेकंदांनंतर. चैतू चौकटीतून निघून गेला होता आणि त्याच्यामागे डोक्यावर टोपली घेऊन कलाबाई चालत होती. तिचं तोंड उघडं होतं. काहीतरी बोलत होती.

“कोनती गोष्ट सांगून राह्यली होती मी तवा?” कलाबाई स्वतःशीच म्हणाली. मग चंदाने वही पाहून चार नंबरची सेवा चालू केली. प्रिंटर खोकल्यासारखा करत जागा झाला. दोन कागद बाहेर आले तेव्हा साहेब पुन्हा दारात होते.

“चंदाबाई, माणसांचे फोटो बाहेर जाता कामा नयेत.”

तिचा आदेश येत्या महिन्यात संपत होता. चंदा उभी राहिली.

“बाहेर नाही चालले, सर. घरी चालले.”

साहेबांनी कलाबाईच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग गळा साफ केला.

“माझा नाही ना छापला?”

“नाही, सर.”

“बरं,” म्हणून ते वळले.

पावणेपाचला वाघ पोहोचले. त्यानंतर चंदाने उरलेले फोटो पुसले. आधी साहेब, मग सुकलू, मग नाव ठाऊक नसलेली सगळी माणसं. वहीत त्या सेवेपुढे काय लिहावं ते तिला सुचेना. तिने नुसतं ‘बंद’ लिहिलं.

खिडकीतून थांबा दिसत होता. बस अजून आली नव्हती. कलाबाई उन्हातच उभी होती. सहीचा कागद तिने घडी घालून कमरेला खोचला होता, फोटोंना मात्र घडी पडू नये म्हणून ते दोन्ही तळहातांवर आडवे धरले होते आणि त्यांच्यावर पदराची सावली केली होती. तिचे ओठ हलत होते. एक काहीतरी म्हणून पाहायची, थांबायची, फोटोकडे बघून नकारार्थी मान हलवायची, आणि पुन्हा दुसरं काही म्हणून पाहायची.