दुर्गाची छुट्टी

देवरावाच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. रेल्वेत ट्रॅकमन, दिवसभर उन्हात रुळांवर राबणारा माणूस. पण कुणाचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचा धीर त्याच्यात नव्हता. त्यातून विषय पोरीचा, दुर्गाचा, निघाला की मग विचारूच नका.

दुर्गा चौदा वर्षांची. रोज संध्याकाळी जुनवानीहून सायकल हाणत स्मृति नगरच्या हॉलमध्ये बॅडमिंटनला जायची. तिथल्या कोच शिल्पा मॅडम, पोलादाच्या प्लांटमधल्या ऑफिसरची लेक. संध्याकाळी त्या सगळ्या पोरांचा ग्रुप घ्यायच्या आणि पहाटे निवडक खेळाडूंना एकेकटं शिकवायच्या. कुणी कधी यायचं ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायच्या. पहाटेच्या त्या तासासाठी दुर्गाचा जीव तुटायचा.

एका रविवारी मॅडमनी हिंदीतून लिहिलं, ‘दुर्गा की कल से ग्रुप से छुट्टी.’ पुढे एक हसरा चेहरा.

देवरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. रेल्वेत लागण्याआधी तो रसमड्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. तिथे ‘कल से तेरी छुट्टी’ म्हटलं की माणसानं आपला डबा उचलायचा आणि चालू पडायचं. दुर्गा पाळण्यात असताना त्यानं ते वाक्य स्वतः ऐकलं होतं. त्याला छुट्टीचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? आणि ही बाई वर हसते!

“मॅडमले एकदा विचारून तर पाहा,” बायको सुजाता म्हणाली.

“कावून विचारू? पोरीले काढलं तिनं. ज्यानं हाकललं त्याच्या दारात आपण जात नसतो.”

तो व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. मॅडमचा फोन आला, त्यानं कापला. पुन्हा आला, तेव्हा नंबरच ब्लॉक करून टाकला.

दुर्गा दारात उभी होती. “बाबा, माझं काय चुकलं?”

“काही नाही चुकलं. मोठ्या लोकायचे खेळ आहेत ते.”

पोरगी भांडली नाही. रॅकेट कपाटावर गेली, सायकल शाळेपुरती उरली. हॉलमधल्या मैत्रिणी दिसल्या की ती लाजेनं रस्ता बदलायची. विसरली ती, असं देवराव म्हणायचा. बापांना असं मानून घेणं फार सोयीचं असतं.

वर्षभरानं दुर्ग स्टेशनवर मॅडम पोरांना घेऊन रायपूरच्या गाडीची वाट पाहत होत्या. ड्यूटी संपवून निघालेला देवराव तोंड फिरवून चालला होता, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

“काका, दुर्गाला कावून थांबवलं तुम्ही? किती गुणी पोरगी! पहाटे एकटीलाच शिकवणार होती मी तिला. टाइम सांगायला फोन केला, तर तुम्ही उचललाच नाही. मला वाटलं, घरचेच नाही म्हणून राहिले.”

“तुमी तर छुट्टी लिवलं होतं.”

“हो नं. ग्रुपमधून सुटली, आता पुढे गेली, म्हणून. खुशीत लिहिलं होतं मी.”

“मंग आता पाठवू का तिले?”

मॅडमनी नजर खाली घातली. “पाठवा नं, काका. पण ती जागा मी ग्रुपमधल्या उन्नतीला दिली. राज्याच्या टीममध्ये आहे ती आता. दुर्गाला पुन्हा ग्रुपपासून सुरू करावं लागेल.”

गाडी आली आणि पोरं धावली.

सांगूच नये, असं त्याला घरी येईपर्यंत वाटत होतं. पण देवराव तापट होता, लबाड नव्हता. दुर्गा पोळ्या लाटत होती. तिच्यासमोर बसून, मान वर न करता त्यानं सगळं सांगितलं. तिनं ओरडावं, लाटणं फेकून मारावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“म्हणजे मॅडमनी मले काढलं नव्हतं?”

“नाही, बेटा.”

“मी चांगली खेळत होती?”

“सगळ्यात चांगली.”

दुर्गानं लाटणं खाली ठेवलं.

“मले वाटे, मले येतच नाही,” ती म्हणाली. “शाळेच्या टीममध्ये घेऊन राहिले होते, बाबा. मी नाही म्हटलं. म्हटलं, तिथूनबी काढतीन.”

आणि मग ती रडली. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं रडली. देवराव हातभर अंतरावर बसला होता, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायचा त्याला धीर झाला नाही.