औषधांच्या मांडण्या

हॉस्पिटलच्या औषधभांडारात आईने सव्वीस वर्षं काढली. कुणी औषधाचं अर्धं नाव उच्चारलं, की तिचे पाय नेमक्या कप्प्याकडे वळायचे. दिवे गेले तरी तिचं अडायचं नाही.

बाबा गेले आणि ती प्यायला लागली. आधी झोप यावी म्हणून, पुढे सकाळी हात थरथरू नयेत म्हणून. पाच वर्षांत कप्पे चुकायला लागले. एकदा वॉर्डात भलतंच इंजेक्शन पोचलं. सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. आईला घरी बसवलं.

मग तिने दारू सोडली. सात महिने थेंबाला शिवली नाही. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूचं जे झिजलंय ते भरून येईलच असं नाही. मी ते कानाआड केलं आणि भांडाराच्या साहेबांच्या हातापाया पडून तिला परत घेऊन गेले.

"बाई, पाचच औषधं आणा. घाई नाही," साहेब म्हणाले.

तिने यादी वाचली. कोणतं कशावर, किती द्यायचं, कुणाला चालत नाही, सगळं घडाघडा सांगितलं. मला हायसं वाटलं. मग ती आत गेली, ती येईचना. पाहते तर एकाच मांडणीभोवती फिरत होती, खोक्यावरचं एकेक नाव वाचत. पहिलं औषध मीच काढून दिलं. ते परत ठेवायला सांगितलं, तर कुठून काढलं तेही तिला आठवेना.

"हे नव्याने लावलंत का हो?"

"नाही बाई. तुम्हीच लावलेलं आहे." साहेबांनी मान खाली घातली.

परतताना चौकात ती एकदम म्हणाली, "डावीकडे." इतकी ठाम, की मी तिच्या मागे गेले. दोन गल्ल्या ओलांडून ती थांबली. समोर दारूचं दुकान.

"आई!"

"प्यायला नाही गं आले." ती रडायलाच लागली. "मला वाटलं, आपलं घर इकडे आहे."

खरं की खोटं, मला अजून कळलेलं नाही. दंडाला धरून तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना बाहेरून कुलूप घातलं. आतून आवाज आला, "कडी लावून घेऊ का गं?"

"नको, आई," म्हटलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.