कुसाबाईंची गंजकी पटाशी

सातपूरच्या फर्निचर कारखान्यातले मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी ये. सागवानात एक सांधा करून दाखव, जमला तर नोकरी. सांधा कोरायची पटाशी मात्र स्वतःची आण." मुलगी बघून हसू दाबत होते. मी म्हटलं, आणते. आयटीआयत दोन वर्षं लाकूड तासलंय, घाबरतंय कोण?

दुकानात नवा संच पाहिला. स्वस्त होता, पण सागाची एक गाठ लागली की धार मुरडणार, हे बघूनच कळत होतं. चांगला नवा माझ्या ऐपतीबाहेर. मग सरळ बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी जुन्या हत्यारांच्या रांगेत गेले.

तिथे पोत्यावर सहा पटाशा मांडून एक म्हातारी बसली होती. निफाडच्या कुसाबाई. नवरा लहानू सुतार वर्षापूर्वी गेला, घरात हत्यार धरणारं कोणी उरलं नाही. पटाशा मात्र लखलखीत.

मी पिशवीतून कानस काढली. कडक पोलादावर कानस घसरते, मऊ पडलेल्यावर चावते. इथे तिने लगेच चरा पाडला. सहाही पात्यांच्या टोकाला बोटभर निळी झाक होती.

"आजी, ग्राइंडरवर घासून आणल्यात ना? तापून मऊ पडल्या. आता धार टिकायची नाही." माझी जीभ अशीच, आधी बोलते.

कुसाबाईंचा चेहरा उतरला. "मालकांचं हत्यार गंजकं कसं मांडू गं? लोकं काय म्हन्तील?"

मला फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलायचं? त्यांच्या पिशवीतून एक काळी मूठ डोकावत होती. "आणि ती?"

"ती इकायची नाय. खंडेनवमीच्या पूजेला ठेवलीय."

"बघू तरी."

गंजलेली, झिजून वीतभर उरलेली. कानस टेकवली आणि ती सर्रकन घसरली. गंजाखाली पोलाद कडकच होतं!

"आजी, पूजेला चमकती ठेवा. देवाला धार लागत नाही, मला लागते. उद्याची नोकरी हिच्यावर आहे."

"पोरीची जात अन् सुतारकी?" त्यांनी माझा हात ओढून घेतला. तळव्यावरचे घट्टे एकेक चाचपले. मग पटाशी माझ्या हातात ठेवली. पैसे सांगितले तेही रास्तच.

संध्याकाळभर ती दगडावर घासली. सकाळी सांधा बसवला. मिस्त्रींनी ओढून पाहिला, ठोकून पाहिला. तसूभर हलला नाही. "सोमवारपासून ये," एवढंच म्हणाले.

पुढच्या बुधवारी कामावरून सुटल्यावर पेढे घेऊन बाजार गाठला. कुसाबाईंनी पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांधा कुठंय? दाव."

सांधा मी आणलाच होता. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. त्यांना जोड सापडेना.

"मालकांचाबी सापडायचा नाय," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.