धुळीचा एक पातळ हात

मी थापाड्या आहे हे जगजाहीर आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो: या गोष्टीत जे पटणार नाही ते खरं आहे, आणि जे सहज गळी उतरेल तिथे माझा हात लागलाय.

माझी भाची भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. मोठी झाली आणि आकाशगंगांचं कूळमूळ शोधायच्या उद्योगाला लागली. कुठली कधी जन्मली, कुणाकुणाला गिळून फुगली, कुठली नवे तारे जन्माला घालायचे सोडून विझत बसली, असलं सगळं. एकदा दुर्बिणीच्या चित्रात तिला एक लाल ठिपका सापडला. ती म्हणाली, ही बहुधा विश्वातल्या अगदी पहिल्या आकाशगंगांपैकी एक असावी.

आता 'बहुधा' आणि 'पैकी' ही दोन ओझी सलूनपर्यंत कोण वाहून नेणार? मी खुर्चीत बसलो आणि सलूनवाल्याला सांगून टाकलं, "विश्वाचं थोरलं लेकरू आमच्या भिंगरीने शोधलं!" माझी दाढी पुरी व्हायच्या आत बातमी चार गल्ल्या ओलांडून गेली. आठवडाभर सगळे माना वर करून चालायचे. एक मांजर तर वर बघता बघता गटारात पडलं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

पण खरा चढला तो भिंगरीचा बाप, म्हणजे माझे दाजी. दाजी पाट्या रंगवतात. जन्मभर दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत काढली. त्यांनी वाचनालयाची बाहेरची अख्खी भिंत मागून घेतली, शिडी लावली आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या पिळांची एक आकाशगंगा काढली. खाली पुरुषभर उंचीची अक्षरं: विश्वाचं थोरलं लेकरू. वाचनालयाने मग भिंगरीचं व्याख्यान ठेवलं, आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दाजींना.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेलो. भिंगरी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. चहावर साय धरली होती, फोन पालथा.

"मामा, ती थोरली नाही."

"मग धाकटी?"

"मधली. चांगली पोक्त बाई आहे. धुळीने माखलेली."

मग तिने समजावलं. फार लांबून येणारा प्रकाश वाटेत ताणला जातो आणि लाल होतो. पण धूळही तेच करते, निळा खाते आणि लाल तेवढा सोडते. नुसत्या चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. आता त्याच ठिपक्याचा प्रकाश रंगारंगांत फोडून तपासला होता, आणि निकाल सकाळीच आला होता.

"आणि धूळ येते कुठून? तारे मरतात त्यातून. जिथे इतकी धूळ, तिथे ताऱ्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या. तान्ह्या बाळाचे केस पिकलेले असतात का?"

"अगं, चुकतो माणूस."

"चुकले असते तर बरं होतं. गणितात दोन्ही उत्तरं आली होती, मामा. धुळीचं मी लेखाच्या शेवटी टाकलं, एका ओळीत. मला थोरलीच हवी होती." तिने मान वर केली नाही.

"मग आजच्या दिवस थोरलीच राहू दे! ती काय तक्रार करायला येतेय?"

"तुझ्याकडे शिकले असते ना, तर लाज तरी वाटली नसती."

हे मला लागलं. पण वरवर मी हसलो.

सभागृह खचाखच भरलं होतं. दाजी इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. भिंगरीने सुरुवात झकास केली. न दिसणाऱ्या पदार्थाचे खड्डे कसे असतात, त्यांत वायू कसा उतरतो, थंड होतो, तारे पेटतात, मग छोट्या आकाशगंगा एकमेकींच्या घरात घुसतात आणि त्यातून थोराड एकत्र कुटुंब कसं उभं राहतं, ते सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग ती थांबली आणि सकाळचं सगळं सांगून टाकलं, त्या शेवटच्या ओळीसकट.

सलूनवाला उभा राहिला. "म्हणजे थोरलं लेकरू नाहीच?"

"नाही."

"पण मामा तर म्हणाला..."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मला एकाएकी माझ्या बुटाच्या नाडीत फार रस वाटू लागला.

"मामाचं सोडा," भिंगरी म्हणाली. "मला दिसत होतं. मी बघितलं नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. दाजी उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. भिंगरीचा आवाज तिथे फाटला. तरी तिने उरलेलं पुरं केलं, कसंबसं, टेबलाची कड धरून.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दाजी त्याच इस्त्रीच्या शर्टात शिडीवर होते. खालची अक्षरं पांढऱ्याने पुसून झाली होती. लोक घोळका करून बघत होते, कुणी खुसखुसतही होतं.

"बाबा, माझ्यामुळे तुमची..."

"शिडी धर."

तिने धरली. त्यांनी पाठमोऱ्यानेच ब्रश पुसला.

"ती धूळ. रंग कसला असतो तिचा?"

"काळपट. पण तिच्यातून येणारा उजेड लालसर."

"काळपट म्हणजे गेरूत काळा, की काळ्यात गेरू?"

"बहुधा गेरूत..." ती अडखळली. "मला नाही माहीत, बाबा."

"हां. मग तसं सांगायचं."

त्यांनी गेरूत चिमूटभर काळा घातला, टर्पेंटाइनने सैल केला आणि इतक्या हौसेने काढलेल्या त्या निळ्या पिळांवरून एक पातळ हात मारला. निळं विझत गेलं, भिंत तांबूस झाली. भिंगरी खाली शिडी धरून रडत होती. दाजींनी ब्रश खाली धरला. "मधला भाग तू कर. हात हलका ठेव."

खालची जागा अजून कोरी आहे. सलूनवाला दर खेपेला मला विचारतो, "मामा, तिथे काय लिहायचं?" मला एका दमात दहा गोष्टी सुचतात, एकाहून एक सरस. मग मी त्याला म्हणतो, बाबा रे, फेस जरा ओठांवरही लाव.