जावईबापूंची परवानगी

नर्सिंग कॉलेजच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक प्लॅस्टिकचा पेशंट होता. सगळ्या मुली त्याला जावईबापू म्हणत. दिवसभर आडवं पडायचं, आल्यागेल्याकडून सेवा करून घ्यायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, मग दुसरं काय म्हणणार? त्याचा एक कान कधीच तुटला होता. दंडाची सुया टोचून टोचून चाळण झाली होती. चेहरा मात्र असा, की जेवण आवडलेलं नाही पण बोलून दाखवत नाही.

या जावईबापूंनी थोरलीला तीनदा नापास केलं होतं.

थोरली म्हणजे घरातली थोरली. कॉलेजात तिला ताई म्हणत, कारण तिच्या बरोबरीच्या मुली पास होऊन केव्हाच कामाला लागल्या होत्या आणि आता ती ज्यांच्या शेजारी बसायची त्या तिच्याहून बऱ्याच लहान होत्या. लेखी परीक्षेत तिचं कधी अडलं नाही. घोडं अडायचं ते प्रात्यक्षिकात, आणि तेही हाताच्या कामात नाही. झोपल्या माणसाच्या अंगाखालची चादर ती अशी सफाईने बदलायची की बघत राहावं. पण त्याआधी एक गोष्ट करावी लागे. पेशंटसमोर उभं राहून आपण कोण ते सांगायचं, काय करणार ते सांगायचं, चालेल का म्हणून विचारायचं आणि उत्तरासाठी थांबायचं. मगच हात लावायचा. हे राहिलं तर पुढचं कितीही चांगलं करा, नापास.

पहिल्या वेळी ती विसरलीच. दुसऱ्या वेळी आठवलं, पण चारचौघींसमोर त्या प्लॅस्टिकच्या तोंडाकडे बघून 'तुम्हाला चालेल ना' म्हणणं इतकं जिवावर आलं की आवाज घशातच राहिला. तिसऱ्या वेळी, म्हणजे या आठवड्यात, तिने एका दमात सगळं म्हणून टाकलं आणि 'चालेल ना' म्हणता म्हणताच जावईबापूंना कुशीवर घातलं.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणाले ते?"

"कोण?"

"पेशंट."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. थोरलीचे कान तापले आणि निकाल तिला तिथेच कळला.

शुक्रवारी शिकवणाऱ्या मॅडमनी तिला थांबवून घेतलं. मॅडम ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हात टेकले बाई तुझ्यापुढे," त्या म्हणाल्या. "एवढी हुशार मुलगी, आणि दोन वाक्यांवर अडतेस."

"तो प्लॅस्टिकचा आहे मॅडम. त्याला काय विचारायचं?"

"वॉर्डातले तर प्लॅस्टिकचे नाहीत ना? तिथे कुठे विचारतेस? मी बघते की. तू गादी उचलतेस तसंच माणूस उचलतेस. नीट उचलतेस, पाडत नाहीस, पण फरक नाही दिसत मला." मग वही मिटून म्हणाल्या, "आता ही शेवटची संधी. बसणार की नाही ते उद्या सांग. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. काही जणांचा पिंडच नसतो ग या कामाचा."

थोरली मान हलवून बाहेर पडली. फाटकापर्यंत येईतो तिने मनातल्या मनात कॉलेजवर पाणी सोडलं होतं. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात मुलगी हवी होती. फोन घ्यायचे, लोकांना बसवून घ्यायचं, नाव पुकारायचं. तिथे कोणाला कुशीवर वळवायचं नव्हतं. तिला त्या कामाची हौस होती असं नाही, पण हौस उरली होती कशाची? रात्री अभ्यास, सकाळी वॉर्ड, संध्याकाळी घर, आणि वर्षअखेरीला पुन्हा तीच पुस्तकं पहिल्या पानापासून. आपण पुढे जातोय की एकाच जागी उभ्याने दमतोय, हेच तिला कळेनासं झालं होतं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून बाबांची खाट आणि समोर आईचं इस्त्रीचं टेबल. आई लाँड्रीचे कपडे घरी आणून इस्त्री करायची. धाकटा सामान पोचवणारी गाडी चालवायचा आणि संध्याकाळी घरी आला की उरलेल्या जगाला गाडी चालवता येत नाही याचा पाढा वाचायचा.

बाबा शहरातल्या बसचे कंडक्टर होते. अख्खा जन्म 'पुढे सरका, पुढे सरका' करण्यात गेला. घरी मात्र निर्णयाच्या नावाने बोंब. सहलीला जाऊ का, केस कापू का, काहीही विचारलं की आधी 'आईला विचार', आणि पोरं फारच मागे लागली तर डोळे मिटून लगेच घोरायला लागायचे. एक डोळा किंचित उघडा ठेवून. पोरं गेली की नाही ते बघायला.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजतं किती, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुरुवातीला सगळे त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायचे, जणू कान गेलेत. मग हळूहळू बोलायचे. मग कामापुरतं. आता त्यांच्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे. बाबांचं औषध झालं? बाबांना पुसलं? वाईट कोणीच नव्हतं. सगळे दमले होते, आणि दमलेला माणूस सगळ्यात आधी बोलणं वाचवतो.

थोरली आली तेव्हा आई त्यांना भरवून भांडी उचलत होती. धाकटा खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"काय म्हणाली तुझी मॅडम?"

"उद्या सांग म्हणाली. बसणार की नाही."

"त्यात सांगायचं काय? सोडून दे. तीन वेळा तेच. भिंतीवर डोकं आपटण्यालाही हद्द असते ताई."

"आई, तू सांग," थोरली म्हणाली.

"तुला पटेल ते कर बाई," आई म्हणाली आणि इस्त्री तापायला लावली. हे आईचं नेहमीचं उत्तर, आणि थोरलीला सगळ्यात जास्त दमवायचं ते हेच. कुणीतरी एकदा हो किंवा नाही म्हणावं एवढीच तिची इच्छा होती.

बाबांची कूस बदलायची वेळ झाली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून कितीतरी वेळा त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागे. थोरलीने बाह्या वर केल्या.

"पण नापास करतात तरी कशासाठी?" धाकट्याने विचारलं. "नीट सांग ना एकदा. काम तर येतं तुला."

"कशासाठी? थांब, दाखवतेच." तिला एकदम चेव आला. ती खाटेपाशी ताठ उभी राहिली, हात जोडले आणि परीक्षेतल्यासारखा गोड आवाज काढून म्हणाली, "नमस्कार काका! मी तुमची आजची नर्स. मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. तुम्हाला चालेल ना?"

धाकटा खो खो हसला. "प्लॅस्टिकला? असं प्लॅस्टिकला विचारायचं?"

"आणि वर उत्तराची वाट बघायची," थोरली म्हणाली, आणि गंमत पुरी करायला कमरेवर हात ठेवून खरंच थांबली.

बाबांनी मान हलवली. उशीवर डोकं आधी इकडे गेलं, मग तिकडे. नाही.

धाकट्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. आईने इस्त्री उभी केली.

"सहज हलली असेल," धाकटा हळूच म्हणाला.

थोरली खाली वाकली. आता तिचा आवाज गोड नव्हता, नेहमीचाही नव्हता. "बाबा, कूस बदलू?"

नाही.

"दुखतंय कुठे?"

नाही.

"मग? डाव्या कुशीवर नको?"

बाबांनी चांगला हात उचलला. तो कापत कापत वर गेला आणि खाटेला लागून असलेल्या भिंतीवर आपटला. एकदा, मग पुन्हा एकदा. भिंतीचा रंग तेवढ्याच भागात तेलकट झाला होता, त्यांच्या श्वासाने आणि कपाळाने. थोरली तो डाग रोज बघत होती. पुसायला हवा, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

भरवायला सोपं पडावं म्हणून त्यांना खोलीकडे तोंड करून ठेवायचे. जेवण झालं की वळवायचे भिंतीकडे. म्हणजे आई कामाला बसायची, धाकटा घरी यायचा, ती स्वतः यायची, घरात बोलणं-हसणं सुरू व्हायचं, नेमकं तेव्हा. वर्षभर रोज संध्याकाळी घरच्यांनी या बडबड्या माणसाला भिंत दाखवली होती. तीही अगदी शास्त्रशुद्ध, पाठ जपून, गुडघ्यात उशी देऊन. थोरलीला लाज वाटली. तोंड लपवावंसं वाटायला लावणारी लाज.

"टेबल सरकव," ती धाकट्याला म्हणाली.

टेबल सरकलं, कपड्यांचे गठ्ठे आतल्या खोलीत गेले. खाट खोलीच्या मधोमध ओढताना फरशी किरकिरली. आता आतल्या खोलीत जायचं तर सगळ्यांना अंग चोरून जावं लागणार होतं. एका बाजूला इस्त्रीचं टेबल आलं, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि धाकट्याची खुर्ची. आई पदराने तोंड पुसत पुढे आली आणि बाबांच्या कानाशी वाकली. "अहो," ती म्हणाली, आणि त्यांचं पांघरूण नीट केलं.

"बाबा," थोरलीने पुन्हा विचारलं, "आता खिडकीकडे वळवू?" आणि थांबली.

मान खालीवर झाली. मग तिने त्यांना वळवलं.

आई आणि धाकटा आत गेल्यावर ती खाटेच्या कडेला बसून राहिली. पाय ठणकत होते. खाट हलवली म्हणून दमणं काही कमी झालं नव्हतं.

"बाबा, एक विचारू? कॉलेज सोडू का मी?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग डोळे मिटले आणि घोरायला लागले. पूर्वीसारखा दणदणीत आवाज नव्हता, नुसती घशातली घरघर. पण डावा डोळा किंचित उघडा होता.

थोरली हसली. हसता हसता रडू फुटलं, डोळे तिने बाहीला पुसले. अख्खेच्या अख्खे बाबा आत होते. वर्षभर तिथेच होते, आणि घरात नर्सिंग शिकणारी मुलगी असून एकदाही कोणी दार वाजवलं नव्हतं. मॅडमचं एक एक अक्षर खरं होतं. ती गादीच उचलत होती.

शनिवारी सकाळी ती मॅडमसमोर उभी राहिली. "बसते," म्हणाली.

"आणि या खेपेला वेगळं काय होणार?"

सगळं सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं. "थोडा वेळ जावईबापूंची खोली उघडून द्याल?" तिने विचारलं.

मॅडमनी किल्ली घेतली आणि मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिल्या. जावईबापू तसेच पडले होते, जेवण न आवडल्यासारखे. थोरलीचे कान पुन्हा तापले. लाज काही एका रात्रीत जात नाही. तिने आपण कोण ते सांगितलं, काय करणार ते सांगितलं.

"तुम्हाला चालेल ना?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. जावईबापू काही बोलले नाहीत. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. थोरली दोन्ही हात मागे बांधून उभी होती, नजर त्या चेहऱ्यावर. त्याने नाही म्हणायचं ठरवलं, तर म्हणता यावं एवढा वेळ ती थांबली.