सिस्म्याची साहती

बिअरवरचा कर वाढवला की फिनलंडची माणसं कमी पितील, असं हेलसिंकीतल्या साहेबांना वाटलं. माणसं सरळ जहाजात बसून समुद्रापलीकडच्या परदेशात, तालिनला गेली. तिथं स्वस्त म्हणून गाडीभर आणू लागली, आणि गाडीभर आणलंय म्हणून दुप्पट पिऊ लागली. सिस्मा गावात साहती, म्हणजे घरची बिअर, गाळणारी सायमी तेवढी उरली. तिनंही दहा वर्षांत पिंपाला हात लावला नव्हता.

नात तूलीच्या लग्नासाठी मात्र तिनं बाह्या सरसावल्या.

"आई, कशाला हा उपद्व्याप?" मुलगा रेइयो म्हणाला. "मी तालिनहून गाडी भरून आणलीय. पाहुणे हसतील तुझ्या गढूळ पाण्याला."

"हसू देत. माझ्या गढूळ पाण्याला ना कर, ना जहाजाचं तिकीट."

तोंडानं फटकळ, पण मनात धास्ती होती. नवऱ्यामुलाचा आजोबा एइनो लाम्मीचा, साहतीसाठीच नावाजलेल्या गावचा. लाम्मीवाले सिस्म्याच्या साहतीला साहतीच मानत नाहीत. त्याच्यासमोर नाक कापलं गेलं, तर पिंप फोडून सरपण करायचं, हे सायमीनं ठरवून टाकलं होतं.

तिनं मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात भिजवलं, लाकडी कुंडीत जुनिपरच्या काटेरी, सुवासिक फांद्या अंथरून गाळलं. रेइयोनं बिअरचं भारी यीस्ट आणून दिलं होतं. ते तिनं कपाटात टाकलं आणि पावाचंच घातलं. साहतीला केळ्याचा वास येतो तो त्यानंच.

लग्नाच्या दिवशी पहिला मग तिनं एइनोच्या हाती दिला. अंगणातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. त्यानं वास घेतला, एक घोट घेतला, मग दुसरा.

"पिण्यासारखी आहे," तो म्हणाला.

लाम्मीचा माणूस बायकोचंही याहून जास्त कौतुक करत नाही. सायमीचा जीव भांड्यात पडला. मग पिंपाभोवती अशी झुंबड उडाली की रेइयोच्या खोक्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खुद्द रेइयोचा तिसरा मग चालला होता.

एइनो हळूच तिच्याजवळ आला. "विहीणबाई, लाम्मीत आमच्या घरी आता कुणी गाळत नाही. मीसुद्धा तालिनचीच पितो." त्यानं मान खाली घातली. "माझ्या नातवाला शिकवाल?"

सायमीला आनंदानं नाचावंसं वाटलं. पण ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिकवीन की, व्याहीबुवा. पण लाम्मीत गाळलीत तरी तिला सिस्म्याची साहती म्हणायचं."

एइनोनं मगातला उरलेला घोट संपवला. रिकामा मग पुढे केला.

"म्हणू," तो म्हणाला. "भरा आता."